एरर गेला, डेटाही गेला

आपल्या धंद्यात 'एरर सोडवणे' आणि 'एरर घालवणे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फारशी कुणी करत नाही. दुसरीत मात्र आपण सगळ्यांनी पीएचडी केलेली आहे.

विधान जरा कडक वाटेल. पण आज शनिवार आहे, सोमवारपर्यंत राग निवळेल :-) तोवर मुद्दा ऐकून घ्या.

तुम्ही कुठल्याही टीममध्ये असा, हा संवाद तुम्ही ऐकलेला असणार. नवीन पोरगा ॲरेतल्या आकड्यांची बेरीज करतोय आणि स्क्रीनवर लालभडक टाइपएरर. आकड्यांच्या रांगेत मध्येच एक स्ट्रिंग घुसलीय. तो विचारतो, "सर, हे काय आहे?" सर खुर्चीसुद्धा न वळवता म्हणतात, "अरे, इंट करून टाक ना." तो करतो. आता व्हॅल्यूएरर. "मग ट्राय-एक्सेप्टमध्ये टाक." तो टाकतो. "गेला ना एरर? चल, पुश कर."

या सगळ्या संवादात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. आकड्यांच्या रांगेत ती स्ट्रिंग आली कुठून?

माझं भांडण आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाशी. टाइपएरर हा प्रोग्राममधला बिघाड नसतो, तो साक्षीदार असतो. तो सांगत असतो की बाबा रे, तू ज्याला आकडा समजतोयस तो आकडा नाहीये. आणि आपण काय करतो? साक्षीदाराचं तोंड दाबतो आणि केस मिटली म्हणून जाहीर करतो.

बोलणारी भाषा आणि गप्प बसणारी भाषा

साधं उदाहरण घ्या. दोन ठिकाणचा पाऊस एका ॲरेत आहे. एक आकडा १२, दुसरा ८. फक्त तो ८ अवतरणचिन्हात आहे, म्हणजे स्ट्रिंग आहे. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढायची.

पायथन पहिल्याच पायरीला अडून बसतं. आकडा आणि स्ट्रिंग यांची बेरीज मी करणार नाही, तुझं तू बघ. टाइपएरर.

जावास्क्रिप्ट भलतीच सोशिक. ती १२ आणि "८" एकमेकांना चिकटवते, झाले "१२८". मग आपण त्याला २ ने भागतो. भागाकार आला म्हटल्यावर ती त्या स्ट्रिंगचा पुन्हा आकडा करते आणि उत्तर देते ६४. खरी सरासरी १०. आपल्याकडे एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे दोन सरी पडल्या काय आणि आपण अतिवृष्टीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिलो काय! आणि यात कुठेही एरर नाही बरं का. सगळं हिरवंगार.

आता सांगा, यातली 'त्रास देणारी' भाषा कुठली? आपल्यातले निम्मे लोक पायथन म्हणतील. मी म्हणतो, पायथनने तुमची नोकरी वाचवली.

याचा अर्थ जावास्क्रिप्ट वाईट आणि पायथन थोर असा घेऊ नका. तशी भांडणं कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक होती. गप्प बसण्यात पायथनची लायब्ररीसुद्धा कमी नाही, आणि तिचं उदाहरण तर आपल्या गावाचंच आहे.

नाव बदललं, ॲरे बदलला नाही

२०२३ साली आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं. त्याचं राजकारण हा या ब्लॉगचा विषय नाही. पण नाव बदललं की कुठल्या ना कुठल्या प्रोग्राममधली यादी कुणाला तरी बदलावी लागते.

समजा एका नमपाय ॲरेत तीन नावं आहेत: औरंगाबाद, जालना, बीड. नमपाय असा ॲरे बनवताना सगळ्यात लांब नाव बघतं आणि तेवढ्याच रुंदीचे कप्पे पाडतं. 'औरंगाबाद' म्हणजे ८ अक्षरं (युनिकोडच्या हिशोबाने काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजायचे). म्हणजे प्रत्येक कप्पा ८ अक्षरांचा.

आता तुम्ही पहिल्या कप्प्यात 'छत्रपती संभाजीनगर' लिहिता. ही झाली १७ अक्षरं. कप्पा ८ चा. नमपाय काय करतं? एरर देतं? वॉर्निंग देतं? अजिबात नाही. गुपचूप पहिली ८ अक्षरं ठेवतं आणि उरलेली फेकून देतं. कप्प्यात राहतं 'छत्रपती' आणि त्याच्यापुढे एक रिकामी जागा. यादीत उस्मानाबादही असतं तर कप्पे १० अक्षरांचे झाले असते आणि उरलं असतं 'छत्रपती सं'.

पुढे कुणीतरी या ॲरेत 'छत्रपती संभाजीनगर' शोधतो. सापडत नाही. शून्य ओळी. रिपोर्टमध्ये आख्खा जिल्हा गायब, आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही.

हाच खेळ आकड्यांचाही होतो. पूर्णांकांच्या नमपाय ॲरेत २, ३, १ अशी क्षेत्रं हेक्टरमध्ये आहेत. तिसऱ्या शेतकऱ्याचं क्षेत्र दुरुस्त करून तुम्ही १.२० टाकता. ॲरे ते १ करून ठेवतो. वीस आर गेले, म्हणजे जवळपास अर्धा एकर गेला. बांध कोरणारा शेजारीसुद्धा इतक्या सफाईने जमीन खात नाही.

ॲरे हा डब्यांच्या रांगेसारखा असतो. डब्याचा आकार पहिल्याच दिवशी ठरतो, तुम्ही ठरवा किंवा ठरवू नका. तुम्ही नाही ठरवलात तर लायब्ररी पहिला माल बघून ठरवते. आणि तो आकार कुठला हे एका ओळीत छापून बघता येतं. तेवढी एक ओळ लिहायला आपल्याला वेळ नसतो.

सातबाऱ्याची तारीख

आता ज्याच्यामुळे हा विषय डोक्यात गेला ते सांगतो. आपला बराचसा डेटा जन्माला येतो एक्सेलमध्ये. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये ७/१२ टाइप करा (इंग्रजी अंकांत) आणि एंटर मारा. सातबारा गायब, तारीख हजर. मशीनची सेटिंग भारतीय असेल तर ७ डिसेंबर, अमेरिकन असेल तर १२ जुलै. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि एक्सेल म्हणतंय तो एक दिवस आहे. तोही नक्की कुठला ते मशीनवर अवलंबून!

हे गमतीचं वाटतं, पण गट नंबरच्या आख्ख्या कॉलमचं हेच होतं. गट ५/२ झाला ५ फेब्रुवारी. १२/१ झाला १२ जानेवारी. १४५/२ ही तारीख होऊच शकत नाही, म्हणून ती बिचारी टेक्स्ट राहिली. आणि नुसता १४५ हा आकडा राहिला. म्हणजे एकाच कॉलममध्ये तीन प्रकारचा माल. हा कॉलम ॲरेत घेतला की अर्थातच टाइपएरर येणार.

आणि मग येतो आपला रामबाण उपाय: "सगळं स्ट्रिंग करून टाक."

करा की. एक्सेल तारीख आतमध्ये दिवसांच्या आकड्यात साठवतं. २०२५ साली, भारतीय सेटिंगच्या मशीनवर टाइप केलेल्या ७/१२ चा आतला आकडा आहे ४५९९८. सेलचा फॉरमॅट बदलून टेक्स्ट केलात की तुम्हाला मिळतो ४५९९८. एरर गेला. सातबाराही गेला. मूळ आकडे परत आणण्यासाठी ती फाइल कुठल्या सेटिंगच्या मशीनवर भरली होती हे शोधायला निघा आता.

प्रकार बदलणे म्हणजे हरवलेलं परत मिळवणे नव्हे. या पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

हे दुखणं फक्त आपलं नाही. जनुकशास्त्रात 'मार्च १' आणि 'सेप्ट १' अशी छोट्या नावांची जनुकं होती. एक्सेल त्यांच्याही तारखा करत असे. २०१६ साली छापलेल्या एका पाहणीत असं दिसलं, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका आहेत. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सोय आली २०२३ मध्ये. जनुकांची नावं बदलली, ठीक आहे. आपण काय गट नंबर बदलायला तहसीलदाराकडे अर्ज करणार?

निरंक आणि रिकामं

दुसरा रामबाण त्याहून घातक आहे. पांडाजमध्ये आकड्यांत रूपांतर करताना 'कोअर्स' असा पर्याय देता येतो. ज्याचा आकडा होत नाही त्याची जागा रिकामी सोडायची. आणि मग पुढच्याच ओळीत रिकाम्या जागी शून्य भरायचं. दोन ओळी, एरर साफ. इंटरनेटवर हे उत्तर टाळ्या घेतं.

आता सरकारी तक्त्यातला पावसाचा कॉलम बघा. समजा पाच मंडळं आहेत. नोंदी अशा: १२, निरंक, रिकामी जागा, ८, ४०. मराठी ऑफिसात वावरलेल्या कुणालाही माहीत आहे की 'निरंक' म्हणजे शून्य. मोजलं, पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे माहिती आलीच नाही. हे दोन अर्थ एकमेकांपासून पूर्ण वेगळे.

खरी सरासरी: चार मंडळांची माहिती आहे, एकूण ६०, उत्तर १५. नुसतं 'कोअर्स' केलंत तर निरंकसुद्धा रिकामं होतं, ६० भागिले ३, उत्तर २०. वरून शून्यं भरलीत तर ६० भागिले ५, उत्तर १२. एकाच ॲरेची तीन उत्तरं, आणि चुकीची दोन्ही उत्तरं कुठलाही आवाज न करता येतात.

जावास्क्रिप्टची तर याहून मजा. तिथे रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा केला की ० मिळतो, आणि 'निरंक'चा केला की 'हा आकडा नाही' असं उत्तर मिळतं. म्हणजे ज्याला शून्य म्हणायला हवं त्याला नाही म्हटलं, आणि ज्याची माहितीच नाही त्याला शून्य ठरवलं. बरोब्बर उलटा न्याय!

निरंक म्हणजे काय हे कुठल्याही लायब्ररीला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मराठीत वाढलात. ते ज्ञान कोडमध्ये एका ओळीत उतरवायचं सोडून आपण लायब्ररीच्या अंदाजावर सोडून देतो.

पिनकोडची सरासरी

तिसरा आजार म्हणजे अंक दिसले की आकडा समजणे.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, संस्कृतचे कवी. पिन या नावातच 'नंबर' आहे. म्हणून आपण तो इंटिजर म्हणून साठवतो. आता एक प्रयोग करा. आपला ४३१००१ आणि पुण्याचा ४११००१ यांची सरासरी काढा. ४२१००१. हा पिन कुठला? उल्हासनगर! संभाजीनगर आणि पुण्याच्या मध्ये गणिताने उल्हासनगर येतं, हे अहिल्यानगरच्या लोकांना कळवायला हवं :-)

चाचणी एवढीच आहे. ज्याची बेरीज किंवा सरासरी निरर्थक असते तो आकडा नाही, ते अंकांत लिहिलेलं नाव आहे. पिनकोड, मोबाइल, आधार, खाते क्रमांक, गट नंबर, सगळी नावं.

आपला एसटीडी कोड ०२४०. इंटिजर केला की २४०, पुढचं शून्य गेलं. हाच ०२४० जुन्या सैल जावास्क्रिप्टमध्ये अवतरणाशिवाय लिहिलात तर ती त्याला अष्टमान पद्धतीचा समजते आणि १६० करते. जीएसटीमध्ये महाराष्ट्राचा कोड २७, म्हणून आपल्याला कळत नाही. पण दिल्लीचा ०७ आहे आणि राजस्थानचा ०८.

बँक खात्यांचं तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंक ठेवतं, त्यापुढच्या अंकांचं शून्य करतं. १६ अंकी खाते क्रमांक असलेल्या बँका आहेत. पांडाजमध्ये पूर्णांकांच्या कॉलमात एक जागा जरी रिकामी असली तरी सरळ वाचल्यावर सगळा कॉलम फ्लोट होतो, आणि फ्लोटला ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक नीट धरता येत नाहीत. शेवटचा ३ तिथे २ होतो. म्हणजे यादीतल्या एका माणसाने खाते क्रमांक दिला नाही म्हणून दुसऱ्याच माणसाचा बदलला. ज्याचे पैसे अडकतात तो बँकेत खेटे घालतो. त्याला काय सांगणार, तुमच्या नशिबात फ्लोट होता?

मग करायचं काय?

उत्तर वाळूजला आहे. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात जा. माल गेटवर आला की आधी इनकमिंग इन्स्पेक्शन. वर्निअर लावतात, गेज लावतात, बसला नाही तर लॉट बाजूला, त्यावर कारण लिहिलेलं. असेंब्ली लाइनवर बोल्ट बसत नाही म्हणून कुणी हातोड्याने ठोकून बसवला तर सुपरवायझर त्याला तिथेच धरेल. आपण सॉफ्टवेअरवाले मात्र दिवसभर ठोकूनच बसवतो, आणि त्याला टाइपकास्टिंग असं भारी नाव आहे.

तर गेटवर तपासा. फाइल वाचतानाच सगळे कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर स्ट्रिंगला शिव्या घातल्या! फरक आहे. क्रॅश झाल्यावर स्ट्रिंग करणं म्हणजे पुरावा पुसल्यावर पंचनामा. वाचतानाच स्ट्रिंग घेणं म्हणजे पुरावा आहे तसा सीलबंद करणं. मग एकेक कॉलम नाव घेऊन बदला: पाऊस फ्लोट, पिन स्ट्रिंगच, क्षेत्र दशांश. निरंकचा नियम स्वतः लिहा. जे बसत नाही ते ओळ क्रमांकासकट वेगळ्या यादीत टाका आणि ज्याने फाइल दिली त्याला परत पाठवा. मराठी अंकांचंही तिथेच बघा: देवनागरीत लिहिलेला ४३१००१ पायथन मुकाट्याने पूर्णांकात बदलतं, जावास्क्रिप्टला मात्र तो आकडाच वाटत नाही. आणि दोन्हीकडे स्ट्रिंग म्हणून तुलना केलीत तर इंग्रजी अंकांतला तोच पिन वेगळा ठरतो.

आणि जिल्हा ओळखायला नाव वापरू नका, कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा कोड ५१५ आहे. त्या यादीत नाव काहीही असो, ५१५ तोच. नाव ही वरची पाटी. पाटी एका टेबलात एकदा बदला, बाकीचा डेटा हलणार नाही.

"पण डेडलाइन..."

माहीत होतं हे येणार. पहिला आक्षेप: एवढा वेळ कुठे असतो? बरोबर आहे, गेटवरची तपासणी लिहायला अर्धा दिवस जातो. पण दोन महिन्यांनी क्लायंट विचारतो, "या जिल्ह्याचा आकडा असा कसा?" तेव्हा तीन जणांचे चार दिवस जातात, ते कुठल्या शीटमध्ये भरता? तो वेळ 'सपोर्ट' या नावाखाली जातो म्हणून दिसत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप: टाइपस्क्रिप्ट वापरा, प्रश्नच संपला. नाही संपत. टाइपस्क्रिप्टचे टाइप कोड चालायला लागेपर्यंत पुसले गेलेले असतात. बाहेरून आलेल्या डेटात खरंच काय आहे हे ते बघत नाही, तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवतं. आणि जो गडी पायथनमध्ये रिकामा एक्सेप्ट लिहितो तोच तिथे प्रत्येक ठिकाणी 'एनी' लिहितो. औषध बदललं, वैदू तोच.

तिसरा आक्षेप जरा खरा आहे: प्रोग्राम रात्री दोन वाजता बंद पडण्यापेक्षा एक ओळ चुकलेली परवडली. काही ठिकाणी हो. गाण्यांची शिफारस करणारं ॲप असेल तर जाऊ दे ती ओळ. पण ती ओळ वगळली हे मोजा, लिहून ठेवा, आणि शंभरातल्या पाच ओळी जायला लागल्या तर थांबा. मोजून सोडणं आणि न बघता गिळणं यात फरक आहे. आणि ज्या ओळीत एखाद्याचा गट नंबर किंवा खाते क्रमांक आहे ती ओळ 'परवडणारी' आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण?

खरं तर मूळ दुखणं आपल्या शिकण्यात आहे. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला आउटपुट आलं की सही मिळते. ते आउटपुट खरं आहे का, हे कुणी विचारत नाही. डेटा नेहमी स्वच्छ, ॲरे नेहमी दहा पूर्णांकांचा. मग नोकरीत पहिला खराखुरा कॉलम समोर येतो, त्यात निरंक असतं, ७ डिसेंबर असतं, रिकाम्या जागा असतात, आणि आपल्याला एवढंच माहीत असतं की लाल अक्षरं घालवायची.

असो. उपदेश पुरे. सोमवारी ऑफिसात गेलात की एक काम करा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तीन गोष्टी सर्च करा: 'कोअर्स', रिकाम्या जागी शून्य भरणारी ओळ, आणि आत काहीच न करणारा एक्सेप्ट. किती सापडल्या ते मोजा. मग त्यातली एकच उघडा आणि लिहिणाऱ्याला विचारा की इथे नक्की कुठला माल येत होता. "आठवत नाही, पण एरर गेला होता" असं उत्तर आलं, तर त्या ओळीपासून सुरुवात करा.

ता.क. एक्सेलमध्ये सातबारा किंवा गट नंबर भरायचेच असतील तर भरायच्या *आधी* कॉलम टेक्स्ट करा. नंतर करून उपयोग नाही, का ते वर सांगितलंय.